पावणेतीन मीटरवरची अक्का

काळ्या कापडाखाली डोके घालून शेषगिरी अण्णा इतका वेळ गप्प राहिले, की अखेर स्टुलावर बसलेल्या अक्कालाच अवघडल्यासारखे झाले. खाली दुर्गदबैलाच्या बाजारात हातगाड्यांची चाके खडखडत होती, लोखंडाच्या दुकानात कुणीतरी साखळी हातभर हातभर मोजून जमिनीवर ओतत होते. वरच्या खोलीत मात्र, उत्तरेच्या काचेतून उतरणाऱ्या राखी उजेडात, कॅमेऱ्याचा भाता तेवढा हलत होता. पुढे होई, मागे होई. पुन्हा पुढे.

"अण्णा, झोपलात काय आत?" अक्का म्हणाली. "मान आखडली माझी."

भाता पुन्हा मागे गेला.

"पेन्शनच्या कागदावर लावायचाय हो फोटो. पाहुण्यांना दाखवायचा नाही. कसा का येईना."

एरवी याला अण्णांनी दुप्पट तिखट उत्तर दिले असते. ते कापडाखालून बाहेर आले, धोतराच्या सोग्याने त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "प्रभंजन, जरा तू बघ की."

मी कापडाखाली गेलो. घासलेल्या काचेवर खोली उलटी टांगलेली होती. स्टूल वर, छताला चिकटल्यासारखे. त्याच्या पायांतले खिळे, खिळ्यांच्या डोक्यांवरचे हातोडीचे घाव, सगळे लखलखीत स्पष्ट. अक्काच्या कपाळाला टेकलेली दोरीची गाठही स्पष्ट; तिचा एकेक पीळ मोजता आला असता. आणि त्या स्पष्टतेच्या मधोमध अक्का होती, पाण्यात विरघळू लागलेल्या रंगासारखी.

आता हे लिहिताना मी क्रम नीट ठेवणार आहे. क्रमाखेरीज माझ्या हाती दुसरे काही उरलेले नाही.

ते शहाऐंशी साल, फेब्रुवारी महिना. मी हुबळीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत होतो. हेमावती, म्हणजे अक्का, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांचा असताना आईवडील एकाच पावसाळ्यात गेले. त्यानंतर तिने मराठी शाळेत नोकरी धरली आणि मला वाढवले. तिचे लग्न झाले नाही, पुढे माझेही राहून गेले. केशवापुरातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघे राहत होतो. मेअखेर ती निवृत्त होणार होती, आणि कागदपत्रांसाठी तिचा फोटो हवा होता.

शेषगिरी अण्णा वडिलांच्या ओळखीतले. त्यांना धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे काम मिळाले होते. सातशे कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो, आणि प्रत्येकाचे डोके नेमके सारख्या आकाराचे. याला उपाय एकच. स्टूल जमिनीला खिळून टाकायचे, कॅमेराही खिळायचा, आणि भाता एकदाच योग्य जागी आणून कायमचा आवळायचा. पण ती योग्य जागा काढायची तर लेन्सचे नाभीय अंतर माहीत हवे. ते लेन्सच्या पितळी कड्यावर कोरलेले असते. अण्णांच्या कड्यावर काहीही नव्हते. दर वर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरच्या बायका ती पितळी नळी चिंच आणि राख लावून घासत आल्या होत्या. अण्णांच्या आधी त्यांच्या वडिलांच्या काळापासून. त्या साठ वर्षांच्या भक्तीने आकडा पुसून टाकला होता.

"देवाचं करता करता नंबर गेला बघ," अण्णा म्हणाले होते. "आता तुझं सायन्स काय सांगतंय ते सांग."

मी लेन्स प्रयोगशाळेत नेली. नाभीय अंतर म्हणजे काय, हे मी मुलांना वर्षानुवर्षे एकाच वाक्यात सांगत आलो होतो: अतिशय दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर उमटते, तितके. वस्तू जवळ आली की प्रतिमा भिंगापासून मागे सरकते. वस्तू दूर जाऊ लागली की प्रतिमा हळूहळू भिंगाकडे परत येते आणि एका जागी येऊन थांबते. त्या जागेच्या अलीकडे ती कधीच येत नाही. म्हणून, प्रतिमा कुठे पडली हे कळले की वस्तू कुठे आहे हे काढता येते. भिंग याबाबत खोटे बोलू शकत नाही. त्याला बोलताच येत नाही. ते फक्त प्रकाश वाकवते.

खिडकीतून दिसणाऱ्या रेल्वे कारखान्याच्या चिमणीवर लेन्स रोखून मी मागे कागद धरला. कागदावर बोटभर उलटी चिमणी उभी राहिली, तिचा धूर खाली सांडत होता. अंतर पंचवीस सेंटिमीटर. तीन शनिवार मी निरनिराळ्या रीतींनी तेच मोजले आणि दर वेळी पंचवीसच आले. त्यावरून हिशेब सरळ होता. माणूस लेन्सपासून दोनशे पंचाहत्तर सेंटिमीटरवर, म्हणजे पावणेतीन मीटरवर बसवला, तर काच साडेसत्तावीस सेंटिमीटरवर ठेवायची. चेहरा मूळच्या बरोबर एक दशांश उमटेल. इतके सुबक आकडे नशिबाने येतात. मी खूश होतो. अण्णांनी पावणेतीन मीटरची दोरी लेन्सला बांधली आणि तिच्या टोकाला गाठ मारली. गाठ कपाळाला टेकली की माणूस जागेवर आहे, असे समजायचे.

त्या रविवारी अक्का पहिलीच त्या स्टुलावर बसली होती.

"अण्णा, तुम्ही बसा बघू," मी कापडाखालून बाहेर येत म्हटले.

ते बसले. गाठ टेकली. काचेवर त्यांच्या मिशीचा केस न् केस दिसला. मग मी बसलो, अण्णा म्हणाले, "फस्ट क्लास." मग पुन्हा अक्का बसली आणि पुन्हा ती विरघळली.

मी भाता सैल केला. काच सत्तावीसवर आणली तेव्हा ती एकदम स्वच्छ झाली. कपाळावरची आठी, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा. आणि त्याच क्षणी स्टूल, खिळे, तिच्या कपाळावरची गाठ, सगळे धुरकटले.

मी फिल्मच्या खोक्यावर आकडेमोड केली. साडेतीनशेला थोडे कमी.

"काय म्हणतंय तुझं गणित?" अक्काने विचारले.

"तू स्टुलाच्या दोन फूट मागे बसलीयस असं म्हणतंय."

"एम.एस्सी. झालास रे, आणि दोन फूट चुकतोस? माझ्या चौथीतल्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं."

आम्ही हसलो. अण्णांनीही हसल्यासारखे केले. त्यांनी सत्तावीसवरच तिचा फोटो काढला. त्यात अक्का कोरून काढल्यासारखी आली आणि तिच्याखालचे स्टूल धुक्यात राहिले. शाळेने फोटो घेतला. कुणी काही विचारले नाही.

मी मात्र लेन्स पुन्हा प्रयोगशाळेत नेली. पंचवीस. आणि पुढच्या रविवारी, आणखी दोन प्रती हव्यात असे खोटे सांगून, अक्काला परत दुर्गदबैलात नेले.

या वेळी ती सव्वीसवर स्पष्ट झाली. हिशेबाने साडेसहा मीटर. ती खोलीच पाच मीटर लांब होती. म्हणजे अक्का भिंतीच्या पलीकडे होती, मागच्या बोळावरच्या हवेत, जिथे धान्याच्या पोत्यांवर कबुतरे उतरत. आणि तरीही काचेवरचा तिचा चेहरा होता तेवढाच होता. तितक्या दुरून एवढा मोठा दिसायचा तर तो चेहरा अडीच पट असायला हवा होता. मी फूटपट्टीने मोजला. मग उठून तिच्यापाशी गेलो आणि, तिला काही न सांगता, तिच्या खांद्यावर हात ठेवला. पातळाचे सूत, खालचे हाड, ऊब. ती पावणेतीन मीटरवरच होती.

"काय रे?"

"काही नाही. मान सरळ ठेव."

तिसऱ्या रविवारी मी स्टुलाशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि अक्काचे मनगट हातात धरले. अण्णा कापडाखाली गेले. भाता सरकत राहिला. मला बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसत होते. एका पायाचा अंगठा सारखा वर-खाली होत होता.

"प्रभंजन," ते आतूनच म्हणाले, "तू साडेसत्तावीसवर. ती... सव्वापंचवीसच्याही खाली. पंचवीस पूर्णांक दोन."

एकतीस मीटर. मी जागा न सोडता डोक्यात गुणाकार केला.

"आणि हात? मी धरलेला हात?"

भाता पुढे झाला, मागे झाला. मग, "तुझी बोटं दिसतात. नखंसुद्धा. बोटांच्या आत काही दिसत नाही."

अक्का हसली. "तुम्हा दोघांना जेवायला घालायला पाहिजे आधी. उपाशी माणसांना असंच काहीबाही दिसतं."

तिला जिना उतरायला लावून मी मागे थांबलो. अण्णा लेन्सवर झाकण बसवत होते. ते नीट बसत नव्हते.

"तिला आता इथं आणू नकोस, बाबा," ते म्हणाले. "मी भाता सरकवतो, ती आणखी लांब सापडते. मला वाटाय लागलंय की मीच ढकलतोय तिला."

"तसं नसतं, अण्णा. आपण फक्त मोजतो."

"मोजून काय करणार?"

बावीस वर्षे मी अंतर काढायला शिकवले. अंतर कमी कसे करायचे, हे कोणत्याच सूत्रात नव्हते.

बेलूरचे काम अण्णांनी मार्चमध्ये पुरे केले. सातशे माणसे त्या स्टुलावर बसून गेली, सातशेही स्पष्ट आली. त्यानंतर मी लेन्स आठवडाभर मागून घेतली. एका दुपारी, अक्का वह्या तपासत बसली असताना, मी तिच्यासमोर लेन्स उभी केली आणि मागे काच धरून तिच्यावरची प्रतिमा हातातल्या बहिर्गोल भिंगातून पाहू लागलो. तिची प्रतिमा बरोबर पंचवीसवर उमटली. चिमणीची उमटली होती तिथेच. त्यापुढे आता काही मोजण्यासारखे राहिले नव्हते. भिंगाचे अनंत फार जवळ असते. शंभर-दीडशे मीटर संपले, की पुढचे सगळे त्याला सारखेच, डोंगर काय आणि तारा काय. मी लेन्स परत केली. जे कळू शकत नाही त्याचा निदान त्रास तरी संपेल, असे वाटले होते.

मग आवाज मागे पडू लागला.

प्रथम मला ते उमगलेच नाही. अक्का सकाळी धारवाड आकाशवाणीवरच्या भजनांबरोबर गुणगुणत असे, आणि तालाला ती पक्की होती. एप्रिलमध्ये ती अर्धी ओळ मागून गाऊ लागली. मी काही विचारले की ती माझ्याकडे पाहत राही, आणि मग बोले. वय झाले, मला वाटले. केशवापुरातल्या डॉक्टर वादिराजांकडे मी तिला नेले. त्यांनी नादकाटा वाजवून तिच्या कानापाशी धरला आणि ऐकू आले की बोट वर करायला सांगितले. त्यांनी काटा ट्रेमध्ये ठेवून दिल्यावर तिचे बोट वर झाले.

"कान अगदी तरुण आहेत," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "लक्ष कुठेतरी दुसरीकडे असतं त्यांचं."

त्याच आठवड्यात मी उणकल तळ्यावर फिरायला गेलो होतो. पलीकडच्या काठावर एक धोबी चादर दगडावर आपटत होता. चादर दगडावर पडे, तेव्हा काहीच ऐकू येत नसे. आवाज येई तो त्याचे हात पुन्हा डोक्यावर गेलेले असताना. मी तिथल्या दगडावर बसून राहिलो. लहान मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट होती ती. लांबच्या माणसाचे दिसते आधी आणि ऐकू येते नंतर.

संध्याकाळी मी प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच घड्याळ घरी आणले. "अक्का?" म्हणालो आणि कळ दाबली. दीड सेकंदाने तिचे ओठ हलले. त्यानंतर आणखी दीड सेकंदाने आवाज आला: "काय?"

जायला अर्धा वेळ, यायला अर्धा. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. पाचशे मीटर झाले होते.

तिने खाली ठेवलेल्या पातेल्याचा आवाज वेळेवर येत होता. बांगड्या वेळेवर वाजत होत्या. वस्तू इथे होत्या.

मेअखेरीस शाळेने निरोप समारंभ केला. अक्का बोलायला उभी राहिली. तिचे ओठ हलू लागले आणि तीन सेकंद सभागृहात काहीच नव्हते; पुढच्या रांगेतल्या बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "गहिवरून आलंय हो त्यांना." तिचे शेवटचे वाक्य आले तेव्हा ती खाली बसून हार काढत होती. लोक टाळ्या वाजवत होते. त्या वाक्यात तिने माझे नाव घेतले होते, एवढे मला कळले. पुढचे टाळ्यांत गेले.

घरी येताना सिटी बसमध्ये मी तिला विचारले, "तुला काही वेगळं वाटतं का, अक्का?"

खिडकीबाहेर दोन दुकाने सरकून गेली. मग ती म्हणाली, "हल्ली तूच लांबून बोलतोस रे, प्रभ्या. आणि सगळे बारके दिसता. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला."

"भीती वाटते?"

पुन्हा ती वाट पाहणे.

"नाही बाई. इथं वारा चांगला आहे."

बसच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

मी जे करता येण्यासारखे होते ते केले. तिच्याबरोबर, तिच्या पावलाला पाऊल लावून, केशवापूरभर चाललो. रात्री तिच्या हाताला माझ्या धोतराचा काठ बांधून झोपलो आणि सकाळी गाठ तशीच होती. पाटीवर लिहून विचारले, कारण प्रकाशाला वेळ लागत नाही: तू कुठे आहेस? तिने डोळे बारीक केले, कपाळावर हात धरून उन्हात पाहावे तसे पाहिले. "अक्षर फार बारीक काढलंस," तिचा आवाज आला. तेव्हा मी खडूने भिंतभर लिहिले, हातभर उंच अक्षरांत. ती बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. मग तिने मान हलवली. नाही.

जूनमध्ये ती ओरडू लागली.

म्हणजे, ती ओरडत असावी. जेवायला वाढताना ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून तोंड पूर्ण उघडी, गळ्याच्या शिरा तट्ट फुगत, दोन्ही तळहात तोंडापाशी धरी, जसे माणूस शेताच्या या बांधावरून त्या बांधाकडे हाक मारतो. आणि कितीतरी वेळाने, भात निवल्यावर, ऐकू येई न येई असा एक धागा कानावर पडे: "आणखी वाढू का?"

मी मान हलवत असे. ती मला दिसत होती. मी तिला किती दिसत होतो, कोण जाणे. भांडी ती चाचपून उचलत असे.

शेजारची चंद्रभागाबाई एकदा दारातून ते पाहून परत गेली. पुन्हा आली नाही.

मी ओठ वाचायला शिकलो. त्यामुळे वाट पाहणे अर्धे झाले. पण ओठांवर वाचलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि मला तिचा आवाज हवा असे. म्हणून वाचून झाल्यावरही मी थांबत असे.

जुलैतल्या एका गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, ती मागच्या दारापाशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. बोटांनीच, डोळे सुपात नव्हते. मी समोर, एका हाताच्या अंतरावर. आदल्या रात्रीचा आकडा माझ्या वहीत होता: जायला अठरा सेकंद, यायला अठरा. सहा किलोमीटरांहून थोडे अधिक. त्या दिवशी मी अंतर विचारणार नव्हतो. कुठे आहेस, हेही नाही.

"अक्का," मी म्हणालो, "मी येऊ का तिकडे?"

आणि सवयीने कळ दाबली.

सहाव्या सेकंदाला तिने सूप खाली ठेवले. सूप जमिनीला टेकल्याचा आवाज तिथल्या तिथे झाला.

ती उठली. माझ्याकडे नाही, माझ्यावरून पलीकडे तिने पाहिले, लांबवरचा रस्ता पाहावा तसे. आणि दारातून बाहेर गेली. कडी खळकन हलली.

माझा प्रश्न अजून वाटेत होता. तिला तो ऐकूच आला नव्हता. मी पुन्हा हाक मारली नाही. एक हाक दुसऱ्या हाकेला गाठू शकत नाही.

मी सुपाकडे पाहत बसलो. निवडलेले एकीकडे, न निवडलेले एकीकडे.

अठरा. आता पोचला असेल.

वीस. बावीस.

चोविसाव्या सेकंदाला, माझ्यासमोरच्या रिकाम्या फरशीवर, पावले वाजू लागली. अनवाणी, थोडी उजव्या पायावर जड, तीच. माझ्या गुडघ्याजवळून ती दाराकडे गेली. उंबऱ्यापाशी थांबली नाहीत. बाहेर मातीचे अंगण आहे, तिथे पाऊल वाजत नाही. पण ती तशीच, कठीण जमिनीवर पडावीत तशी, एकाच अंतराने वाजत पुढे गेली, अंगणाच्या भिंतीपर्यंत, भिंतीच्या पलीकडे.

मी घड्याळ कानाशी नव्हे, छातीशी धरले होते.

छत्तिसाव्या सेकंदाला पावले थांबली.

तिने ऐकले होते.

चाळीस. पंचेचाळीस. वाऱ्याचा आवाज येत होता, घरात वारा नव्हता.

मग ती पुन्हा चालू लागली.